तीन मिलिमीटर अलीकडे

१० जानेवारी, शनिवार

पुढच्या बॅचला आज तिसरी पोझिशन सुरू केली. दोन-अडीच वर्षं डावा हात व्हायोलिनच्या मानेच्या टोकाशी मुक्कामाला होता. आता तिथून उठायचं आणि वर सरकायचं. आजवर तिसरं बोट जिथे पडायचं तिथे आता पहिलं बोट. तिघांचे चेहरे शाळा बदलायला सांगितल्यासारखे.

एल्टन (सहावी, भुईगाव, तोंड अखंड चालू): "मग तिसरं बोट कुठे जाणार, टीचर? त्याला घर नाय?"

शार्वीने वहीत लिहिलं, 'अंगठा सोबत न्यायचा', आणि खाली पट्टीने दोन रेघा मारल्या.

मनवा काही बोलली नाही. ती हल्ली बोलत नाहीच. वाजवते तेही बंद दाराआडून बोलल्यासारखं. गज तारेला टेकलाय की नाही अशी शंका यावी इतकं हळू.

एकेकाला करायला लावलं. डीच्या तारेवर पहिलं बोट, सरकत वर, बोटांच्या जागा कळाव्यात म्हणून मी चिकटवलेल्या पट्ट्यांपैकी तिसऱ्या पट्टीवर थांबायचं. मनवाचं बोट पट्टी ओलांडून किंचित पुढे गेलं नि थांबलं. मी नेहमीसारखं म्हटलं, "पट्टीवर, मनवा." ती मागे आली.

तेवढंच झालं. पण क्लास संपल्यापासून काहीतरी टोचतंय. काय ते कळत नाही.

११ जानेवारी, रविवार

मेथी निवडताना कळलं.

काल ती पुढे गेली तेव्हा व्हायोलिन बोललं होतं. डीवरचा जी नेमका लागला की शेजारची मोकळी जीची तार हात न लावता थरथरते, सगळं लाकूड जागं होतं. काल ते झालं होतं. मी तिला मागे आणलं, आणि ते गप्प झालं.

म्हणजे मी ऐकलं होतं. ऐकूनही पट्टीकडे बघून बोलले.

तिची पट्टी चुकली असेल? कशी चुकेल, मीच लावली आहे.

(हे वाक्य लिहून झाल्यावर परत वाचलं. 'मीच लावली आहे' हे काही प्रमाण नव्हे.)

१३ जानेवारी, मंगळवार

क्लासनंतर मनवाला म्हटलं, "व्हायोलिन ठेवून जा, तार बदलते." तार चांगली आहे. खोटं बोलले. शार्वी आणि एल्टनची तिसरी पट्टी मानेच्या टोकापासून किती मिलिमीटरवर ते त्यांच्यासमोरच फुटपट्टीने मोजलं, उगाच 'बघू या बरं' म्हणत.

एल्टन: ७८.
शार्वी: ७५.
मनवा: ७५.

तिन्ही व्हायोलिनं एकाच मापाची, एकाच दुकानातली. सूर दाखवणारा ट्यूनर लावून पाहिलं. एल्टनच्या पट्टीवर काटा मधोमध. मनवाच्या पट्टीवर डावीकडे झुकलेला. शार्वीच्या बाबतीत ट्यूनर लावायची गरजच उरली नाही.

तीन मिलिमीटर अलीकडे. दीड वर्ष.

पट्ट्या लावताना वापरलेलं माप कपाटाच्या खणातून काढलं. तपकिरी, चामड्यासारखं. आठवलं. गेल्याच्या गेल्या ऑगस्टमध्ये तिघांना मोठी व्हायोलिनं आली. पुठ्ठ्याचं माप पावसात लिबलिबीत झालं होतं, म्हणून वाडीत पडलेल्या सुपारीच्या झावळीचा बुंध्याकडचा रुंद पापुद्रा आणून त्यातून आडवी पट्टी कापली. ओली होती, कात्रीला सोपी गेली. एल्टनच्या व्हायोलिनवर ट्यूनर लावून त्याच दिवशी त्याच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्या जागांच्या खुणा सुपारीच्या पट्टीवर केल्या. मग पंधरा दिवस ती खिडकीत पडून राहिली. आणि मग त्याच खुणांवरून दोघी मुलींच्या पट्ट्या लावल्या.

ओली होती. वाळली. आकसली.

बॉटनीत बी.एस्सी., वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत. दरवर्षी मुलांना सांगते, पानं वाळली की मापं बदलतात, ताजी असतानाच मोजा.

हसू आलं आधी. मग नाही आलं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

ह्यांना सांगितलं. केळीला पाणी लावून आले होते, हातावर तिळगूळ ठेवला आणि सांगितलं.

"तीन मिलिमीटर म्हणजे केवढं?"

"मुंगीएवढं."

"अगं मग."

"सुरात मुंगी हत्तीएवढी होते."

"पट्टी सरकव तीन मिलिमीटर. पोरांना काय कळतंय. मी दर वर्षी एक तरी वाफा चुकवतो, केळ कधी बोलली मला?"

मोह झाला, खोटं कशाला लिहू. मनवाचं व्हायोलिन घरातच आहे. पाच मिनिटांचं काम.

पण दिवाळीच्या आधी तिच्या आईला मी स्वतः म्हटलंय, "हात चांगला आहे, कान जरा कच्चा आहे." अगदी ह्याच शब्दांत. मनवा शेजारी उभी होती, बुटांची लेस बांधत. बराच वेळ बांधत होती.

ती पट्टी चुकवत होती कारण तिला बरोबर ऐकू येत होतं. मी तिला दीड वर्ष चुकीवर आणून ठेवत होते. आता ती जवळजवळ नेहमी पट्टीवर ठेवते. आणि हळू वाजवते. हळू का वाजवते ते आत्ता कळलं. बेसूर तिला ऐकू येतो, मग जितका कमी ऐकू येईल तितका बरा.

एल्टनला सारखं 'चढतोयस' म्हणायचे तेही आठवलं. दोघी एकमेकींशी जुळायच्या, तो वेगळा पडायचा. बहुमताने सूर ठरवला मी.

१७ जानेवारी, शनिवार

मनवा आली नाही. तिच्या आईचा, प्रज्ञाताईंचा मेसेज: "टीचर, थोडा ताप आहे. शिवाय बोलायचं होतं. एप्रिलपासून तिला आमच्या कॉम्प्लेक्समधल्या कीबोर्ड क्लासला घालावं म्हणतोय. तुम्ही म्हणालात तसं कानाचं जमत नसेल तर उगाच ताण नको. तिचीही ना नाही."

'तुम्ही म्हणालात तसं.'

एल्टन-शार्वीला सुरांची स्केल वाजवायला दिली नि खिडकीत उभी राहिले. आज सांगायचं ठरवलं होतं. मनवा नाही म्हणून नाही सांगितलं. तिच्या आधी त्यांना सांगणं बरोबर नव्हतं, हे खरंच. बरं वाटलं, हेही खरंच.

१८ जानेवारी, रविवार

पास्कू मास्तरांकडे गेले. चर्चमधली दहाची मिस्सा आटपून ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पंचाऐंशी पूर्ण. चर्चच्या कॉयरमध्ये साठ वर्षं वाजवलं. मला अकराव्या वर्षापासून शिकवलं. आता बोटं वाकत नाहीत पण खुर्चीच्या हातावर ती चाललेली असतात.

सगळं सांगितलं. सुपारीवर आले तेव्हा इतके हसले की सूनबाई पाणी घेऊन धावत आली. मग एकदम गंभीर.

"पोरीला सांगितलंस?"

"नाही अजून."

"पट्टी लावलीसच कशाला? मी तुला लावली होती?"

"तुम्ही कानाजवळ गज आपटायचात."

"मग? लागला ना सूर."

माझ्याशी ते पुस्तकी मराठीत बोलतात. रागावले की आपल्या बोलीत जातात, मग मला निम्मं कळतं. आज निम्मं कळलं. सार असं, की डोळ्याला काम दिलं की कान झोपतो.

निघताना म्हणाले, "बाय, थांब जरा. एक सांगायचं राहिलं. तुझा अंगठा. गजावरचा. मी तुला तो ताठ ठेवायला शिकवला. ते चूक आहे. वाकवायचा असतो. मुंबईचा एक वादक आला होता पॅरिशच्या सणाला, त्याने मला दाखवलं."

"कधी?"

"तू दहावीत असशील."

"मास्तर, तीस वर्षं झाली."

"हां. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहिलं. तू रागावली असतीस."

आता काय रागावणार. पण गाडीवर घरी येईपर्यंत उजवा अंगठा हँडलवर वाकवून बघत होते. वाकत नाही. तीस वर्षांनी नाहीच वाकणार.

मंगळवारी सांगायचं. ताप असो नसो.

२० जानेवारी, मंगळवार

तिघंही होते. सांगितलं.

चटईवर मध्ये सुपारीचं माप ठेवलं, फुटपट्टी ठेवली, तिन्ही व्हायोलिनं ठेवली. त्यांनाच मोजायला लावलं. मग म्हटलं, चूक माझी आहे. शार्वी, मनवा, तुमच्या पट्ट्या मी चुकीच्या लावल्या. मनवाचं बोट पुढे जायचं तेव्हा ते बरोबर जात होतं आणि मी तिला चुकीचं सांगितलं. एल्टन चढत नव्हता.

एल्टन: "म्हणजे मी बरोबर होतो? दीड वर्ष?"

"हो."

"टीचर, दीड वर्षाचे किती सॉरी होतात?"

"तू मोज नि सांग."

त्याने खरोखर हिशेब सुरू केला. आठवड्याला दोन क्लास, क्लासला सहा वेळा 'चढतोयस'. आठशेच्या वर जायला लागलं तेव्हा त्याचा त्यानेच विचार बदलला आणि एका बोरांच्या पिशवीवर तडजोड केली.

मला वाटलं होतं मनवा रडेल. रडली शार्वी. "पण मी तर रोज बरोब्बर पट्टीवरच ठेवत होते." तिच्याइतकं पट्टीवर कोणीच ठेवत नव्हतं, हे खरं. जी मुलगी सगळं सांगितल्याप्रमाणे करते तिचा पायाच मी काढून घेतला. ह्याचा मी विचारच केला नव्हता. गेला आठवडाभर मनवा, मनवा चाललं होतं. तिला जवळ घेतलं. काय बोलले आठवत नाही, नीटसं नसणार.

मग पट्ट्या काढल्या. तिन्हींच्या, एल्टनच्यासुद्धा. ("माझी तर बरोबर आहे!" "म्हणूनच काढतेय.") खालचा चिकटा खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसला. काळंभोर लाकूड, खूण नाही काही नाही. तिघंही त्याकडे विहिरीत वाकून बघावं तशी बघत होती.

मनवाने व्हायोलिन उचललं, बोट अधांतरी धरलं. क्लासमध्ये महिनाभरात पहिल्यांदा आपणहून बोलली.

"मग आता कुठे ठेवू?"

"जिथे व्हायोलिन बोलेल तिथे."

"ते मला नाही कळत. माझा कान कच्चा आहे."

इतकं साधं म्हणाली. माझा ब्लड ग्रुप अमुक आहे म्हणावं तसं.

२५ जानेवारी, रविवार

नायगावला मनवाच्या घरी जाऊन आले. स्कूटीवर पाऊण तास, त्यातला अर्धा टॉवरच्या फाटकात नाव लिहिण्यात. चौदावा मजला. खिडकीतून खाडी आणि मिठागरं, चौकोन चौकोन, फुटपट्टीने आखल्यासारखी. आज फुटपट्टीची आठवण नको होती.

प्रज्ञाताई एका इन्शुरन्स कंपनीत आहेत, रविवारीही लॅपटॉप उघडा. पण माणूस मोकळं. पोहे आले. मी माप दाखवायला पर्समधून सुपारीचा तुकडा काढला तर म्हणाल्या, "अहो टीचर, पुरावा पण आणलात?"

सांगितलं. कानाबद्दल बोलले ते चूक होतं, शब्द परत घेते, उलट असा कान मी फार कमी मुलांचा पाहिला आहे.

त्या हसता हसता थांबल्या. "तुम्हाला एक सांगू का? नवीन व्हायोलिन आलं तेव्हा पहिल्याच महिन्यात ही मला म्हणाली होती, आई, टीचरची पट्टी चुकली आहे. मीच ओरडले. म्हटलं, टीचरना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. परत असं बोलायचं नाही."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

म्हणजे तिने सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात. फक्त मला नाही.

"कीबोर्डचं म्हणाल तर," प्रज्ञाताई म्हणाल्या, "त्यात सूर चुकतच नाही म्हणे. बटण दाबलं की बरोबरच येतो. तिला तेच आवडलं."

"तेच म्हणजे?"

"कुणी ओरडणार नाही हे."

शेवटी असं ठरलं: मार्चअखेरपर्यंत व्हायोलिन चालू. मग मनवा सांगेल. आई नाही, मी नाही, ती. मी मध्ये तिला पटवायला जायचं नाही, हे प्रज्ञाताईंनी स्पष्ट सांगितलं. बरोबरच आहे.

मनवा आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं. निघताना तिच्या मोज्यांची टोकं दाराच्या फटीत दिसली.

३१ जानेवारी, शनिवार

ट्यूनर कपाटात घातला, किल्ली खाली फ्रीजवर ठेवली. पोरांसाठी नाही, माझ्यासाठी.

नवीन खेळ. मास्तरांचाच आहे, मी विसरले होते. सूर वाजवायचा, गज उचलायचा, आणि मागे काय राहतं ते ऐकायचं. सूर नेमका असेल तर गज उचलल्यावरही शेजारची तार थोडा वेळ गुणगुणत राहते. नसेल तर सगळं एकदम संपतं, दार आपटल्यासारखं. एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी मागे काही राहिलं असं वाटलं तर हात वर करायचा.

एल्टन दर वेळी हात वर करतो. "मला सगळंच ऐकू येतं." शार्वी माझ्याकडे बघते. मनवा बघते एल्टन आणि शार्वीकडे, दोघांचे हात वर झाले की मग स्वतःचा अर्धा.

बोरं एल्टनला दिली. आठशे सॉरींची भरपाई. त्याने तिघांत वाटली, बिया मोजून घेतल्या कुणी जास्त खाल्ली म्हणून.

७ फेब्रुवारी, शनिवार

तिघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एकमेकांचे हात दिसायला नकोत. मी मुद्दाम एक बरोबर, दोन चुकीचे, एक बरोबर असं वाजवत होते.

मनवाचा हात माझा गज उचलला जायच्या आत वर. चारही वेळा अचूक. चुकीच्या वेळी हात घट्ट खाली, मूठ आवळलेली.

मी बोलले नाही काही. बोलायला हवं होतं? 'शाब्बास' म्हटलं असतं तर ती पुन्हा माझ्याकडे बघून हात वर करायला लागली असती. म्हणून नाही बोलले. की मला बोलायची लाज वाटली? दोन्ही असेल.

एल्टन भिंतीलाच म्हणाला, "टीचर, मनवाचा हात वर आहे का? मला कॉपी करायचीय."

मनवा हसली. पाठमोरी होती पण खांदे हलले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शार्वीचं प्रकरण.

तिसऱ्या पोझिशनला आज इतकी नेमकी पोचत होती की संशय आला. व्हायोलिन हातात घेतलं. तारांखालच्या काळ्या लाकडाच्या कडेला, वरून दिसणार नाही अशी, काळी टिकली. आईच्या पाकिटातली. सर्वांत लहान आकाराची.

कानाच्या पाळ्या लाल. "मला घरी भीती वाटते टीचर. काहीच नसतं तिथे."

रागवणार होते. मग सहज फुटपट्टी लावली. ७८.

"ही जागा तुला कुणी सांगितली?"

"कुणी नाही. वाजवून वाजवून बघितलं. गज उचलल्यावर मागे राहतं ना, तिथे लावली."

वेडी मुलगी. सापडला की सूर, स्वतःचा स्वतः. नुसती वर टिकली लावली इतकंच. म्हटलं, राहू दे. नको वाटेल तेव्हा तूच काढ. तिने वहीत लिहिलं, 'टिकली: मी काढायची', आणि खाली दोन रेघा.

एल्टनचा उद्यापासून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. चाळीस दिवस काय सोडणार विचारलं, तर "चुगली". शार्वी म्हणाली, मग टिकलीचं तूच सांगितलंस ना टीचरना. "नाय! आणि सांगितलं असतं तरी आज चालतं, उद्यापासून बंद."

३ मार्च, मंगळवार

वाडीत सुपारीची एक झावळी पडली. ह्यांनी दारातून विचारलं, "हवी का? की व्हायोलिन क्लासमध्ये बंदी आहे ह्या झाडाला?"

तिघं आता तिसऱ्या पोझिशनमध्ये एक संथ चाल वाजवतात. मीच बांधलेली, यमनच्या वळणाची, सोळा ओळींची. एकत्र वाजवतात तेव्हा अजून फाटते. पण फाटते तिथे तिघंही एकदम थांबतात. पूर्वी थांबायची नाहीत, पट्टीवर बोट आहे म्हणजे झालं, पुढे चला.

मनवा अजून हळूच. आवाज आधीपेक्षा एक पायरी वर असेल, फार तर. मोजायचं साधन नाही, आणि मला मोजायचंही नाही. (खोटं. रोज मोजते.)

कीबोर्डबद्दल ती बोलत नाही. मी विचारत नाही. प्रज्ञाताईंना शब्द दिलाय. पण प्रत्येक क्लासच्या शेवटी ती केस बंद करते तेव्हा मी बघते, गज नीट सैल करून ठेवते की घाईत कोंबते. नीट ठेवते. ह्यावरून काय ठरवायचं? काहीच नाही. मनवा सगळंच नीट ठेवते.

१५ मार्च, रविवार

मास्तरांकडे तिघांना नेलं. त्यांनीच बोलावलं होतं, "ती सुपारीवाली पोरं आण." ओट्यावर उभं राहून चाल वाजवली. मास्तर डोळे मिटून. खुर्चीच्या हातावर बोटं.

झाल्यावर एल्टनकडे बोट: "तू जोरात." शार्वीकडे: "तू नीट." मनवाकडे बराच वेळ. "तू कुठे होतीस?"

मनवा: "इथेच."

"मला ऐकू नाही आलं. म्हातारा आहे मी. परत वाजव. एकटी."

त्यांना थांबवावं असं वाटलं. थांबवलं नाही.

वाजवलं तिने. पहिल्या दोन ओळी नेहमीसारख्या. तिसऱ्या ओळीत वर जायचं, तिथे बोट सरकलं, थांबलं, जरासं पुढे गेलं. व्हायोलिन बोललं. तिने गज उचलला, मागचा सूर विरेपर्यंत थांबली, आणि मग पुढची ओळ. लय पार मोडली. पण पुढची ओळ मोठ्याने होती. म्हणजे साध्या मोठ्याने, सगळी मुलं वाजवतात तशी.

मास्तर आपल्या बोलीत काहीतरी म्हणाले. एल्टनला कळलं, तो हसला. मनवाने त्याला कोपराने ढोसलं, "काय म्हणाले?"

"नाय सांगणार. चुगली बंद आहे."

"चांगलं असेल तर चुगली नसते."

"मग ईस्टरला सांगतो."

मास्तरांना मी विचारलं तर म्हणाले, "तुझा अंगठा अजून ताठच आहे." मी तर वाजवलंच नव्हतं, चहाचा कप धरला होता.

२४ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

कंप शिकवायला सुरुवात. सूर धरून बोट मनगटातून हलकं झुलवायचं. आधी न झुलवता, मग झुलवून, असं मी वाजवून दाखवत होते. चालीतला शेवटचा लांब सूर. तिघं चटईवर.

वाजवून झालं. मनवा म्हणाली, "टीचर, तुमचा तो सूर जरा खाली होता."

एल्टनने "ओऽ" केलं आणि तोंडावर हात ठेवला. शार्वीची पेन्सिल वहीवर थांबली.

मी म्हटलं, "किती?"

तिने अंगठा आणि बोट धरून दाखवलं. मधून उजेड येईल इतकीच फट. "एवढुसा."

मला तो खाली वाटला नव्हता. अजूनही नाही वाटत. अर्ध्या सेकंदात डोक्यात सगळं येऊन गेलं. 'नाही गं, बरोबर होता' म्हटलं आणि ती खरी असेल तर पुन्हा तेच, दीड वर्ष. 'हो, बरोबर बोललीस' म्हटलं तर तिला खूश करायला खोटं बोलले, तीही सुपारीचीच पट्टी, गोड इतकंच. ट्यूनरची किल्ली फ्रीजवर. पंधरा पावलं.

म्हटलं, "मला तसं वाटलं नाही. पण मी परत ऐकते."

वाटलं आता ती मान खाली घालून 'सॉरी टीचर' म्हणणार. वाट बघत होते.

"मला वाटलं," ती म्हणाली. आणि मान वरच.

परत वाजवलं. गज उचलला. चौघंही ऐकत होतो. मागे काहीतरी राहिलं. थोडं. शार्वी म्हणाली, राहिलं. एल्टन म्हणाला, राहिलं पण लंगडत. मनवाने डोकं तिरकं केलं, "आधीपेक्षा बरं."

आधीपेक्षा बरं. छत्तीस वर्षं वाजवतेय मी.

जाताना तिने केस उचलली. पायरीवर थांबली. "टीचर, शनिवारी परत वाजवा. तोच."

"वाजवते."

"नीट ऐकायचंय मला."

प्रज्ञाताईंचा सहाला मेसेज: "परीक्षा पुढल्या आठवड्यात संपते. मग बसून विचारते तिला. तोवर तुम्हीही नाही, मीही नाही, ठरलंय ना?" मी 'हो' पाठवलं. आजचं लिहावंसं वाटत होतं. नाही लिहिलं.

ह्यांनी जेवताना विचारलं, "काय, आज कोण चुकलं?" म्हटलं, अजून ठरायचंय.

जेवणानंतर तोच सूर तीनदा वाजवला. एकदा बरोबर वाटला, एकदा खाली, एकदा कळेना. किल्ली फ्रीजवरच आहे, वर धूळ. शनिवारी तोच वाजवायचा. आणि मी काही म्हणायच्या आधी तिला विचारायचं, कसा लागला.